समुद्र नसलेल्या गावातली टॉर्पेडो बोट

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच गोष्टी विचारतात: नायगारा पाहिला का, आणि तिथे खरंच इतकं स्वच्छ असतं का. नायगारा मी पाहिला नाही. स्वच्छ असतं. हे सांगून झाल्यावर जे उरतं ते इथे लिहिते आहे. त्यात एक नदी आहे, एक जुनी युद्धबोट आहे आणि माझी मावसबहीण आहे.

ईडन प्रेरी

वंदना मावशी मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहते. मिनिआपोलिसचं हे उपनगर. घरं एकसारखी, गवत एकसारखं, आणि रस्त्यावर चालणारी माणसं म्हणजे फक्त कुत्रा फिरवणारी. पहिल्या दिवशी मी पायीच दूध आणायला निघाले, तर दोन गाड्या थांबून 'तुम्ही ठीक आहात ना' असं विचारून गेल्या. चालणं हे तिथे संकटाचं लक्षण आहे.

मी गेले होते रेवाच्या पदवीदानासाठी. रेवा मावशीची एकुलती एक. जन्म तिथलाच, मेकॅनिकल इंजिनिअर, मराठी सगळं कळतं, बोलताना अर्ध्या वाक्यात इंग्रजीवर जाते. समारंभ झाला, टोप्या उडाल्या, मराठी मंडळातल्या काकूंनी श्रीखंड आणलं. प्रत्येकीने एकच विचारलं, आता नोकरी कुठे? मावशी प्रत्येकीला सांगत होती, 'अजून काही नक्की नाही.'

नक्की होतं. पूर्व किनाऱ्यावर युद्धनौका बांधणाऱ्या एका गोदीने रेवाला बोलावलं होतं. सोमवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हे मला मावशीने स्वयंपाकघरात, तिखटमिठाच्या पुऱ्या लाटता लाटता सांगितलं, आणि पुढचं वाक्य माझ्याकडे न बघता म्हणाली.

"तू कारखान्यांच्या गेटवर उभी राहून अनोळखी लोकांना समजावतेस. ही तर घरची आहे. हिला समजाव."

मी ज्या संघटनेचं काम करते ती कारखान्यातल्या अपघातांत मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांच्या बाजूने लढते. मी पत्रकं लिहिते, वाटते, पोलिसांनी हटकलं की बाजूच्या गेटवर जाऊन वाटते. शस्त्रांच्या धंद्याबद्दल माझं मत काय आहे हे मावशीला विचारायची गरज नव्हती. मी लगेच हो म्हटलं. काका म्हणाले, "मी यात नाही," आणि गवत कापायला गेले.

रेवानेच वाट काढून दिली. तिने कॉलेजात शेवटच्या वर्षी एका जुन्या टॉर्पेडो बोटीच्या सांगाड्यावर प्रकल्प केला होता, आणि ती बोट जिथे बांधली गेली ते आयोवातलं डब्यूक गाव तिने कधी पाहिलं नव्हतं. नदीकाठाने गेलं तर दिवसाचा रस्ता. "ताई, चल, रोड ट्रिप करू. मला पण घरातून बाहेर पडायचंय."

मावशीने डबे भरले. शनिवारी सकाळी मी लवकर उठून काकांच्या प्रिंटरवर एक पत्रक छापलं. एकच प्रत. वाचकही एकच.

नदीच्या काठाने

मिसिसिपी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गढूळ, अफाट काहीतरी होतं. वर मिनेसोटात ती तशी नाही. हिरवे उंच कडे, मधे बेटं, आणि पाणी इतकं शांत की त्यावर ढग मोजावेत. लेक पेपिनपाशी ती इतकी पसरते की समोरचा किनारा धूसर होतो. तिथे आम्ही पुऱ्या आणि मावशीचं लिंबाचं लोणचं खाल्लं. शेजारच्या बाकावरच्या जोडप्याने आम्हाला चीजचे ताजे गोळे दिले. दाताखाली चक्क कुरकुर वाजतात. त्यांना आम्ही पुरी दिली. नवऱ्याने एक खाल्ली, पाणी प्यायला आणि दुसरी मागितली. तिखटाचा हा परिणाम मी सगळ्या खंडांत सारखाच धरून चालते.

समजावण्याचं काम मी गाडी सुरू होताच काढलं होतं.

"ताई, प्लीज, ड्राइव्ह करताना लेक्चर नको," रेवा म्हणाली. "जेवताना दे. जेवताना मी पळून जाऊ शकत नाही."

ला क्रॉस गावात एका छोट्या खानावळीत बसलो. दारापाशीच्या गाडीतळावर एक जागा माजी सैनिकांसाठी राखलेली होती. असं तिथे सगळीकडे दिसतं. विमानात सैनिकांना आधी चढवतात, दुकानात त्यांचे आभार मानतात. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे गावंच्या गावं फौजींची आहेत. सुट्टीवर आलेल्या जवानाला आपण मान देतो, त्याच्याकडून लग्नात भाषण करून घेतो, आणि त्याला मुलगी द्यायची वेळ आली की मागे-पुढे बघतो. दोन्ही देशांत आदर भरपूर आहे. त्या पोराला तिथे कोणी आणि कशासाठी पाठवलं, हे विचारायला मात्र कुठेच जागा राखून ठेवलेली नाही.

हे सगळं मी माशाचा तळलेला तुकडा हातात धरून बोलले आणि मग पत्रक काढलं. मी वाद घालते तेव्हा समोरच्याच्या हातात कागद असावा असं मला वाटतं. कागद असला की माणूस मधे बोलत नाही. रेवाने तो वाचला, पर्समधून पेन काढलं आणि एका ओळीखाली रेघ मारली. ओळ अशी होती: 'डब्यूकमध्ये बांधलेल्या या बोटीने ज्यांना समुद्रात बुडवलं, त्यांची नावं कुठल्या फलकावर आहेत?'

"ही लाइन चेक केलीस?"

टॉर्पेडो बोट आहे, मी म्हटलं, तिचं काम काय असणार?

"उद्या बघू," ती म्हणाली, आणि कागद घडी करून ठेवला.

वाढायला आलेली बाई साठीच्या आसपासची होती. आम्ही कुठे निघालो ते तिने विचारलं. जुनी नौदलाची बोट म्हटल्यावर ती तिथेच थांबली. तिचा मुलगा नौदलात आहे. कॉलेजची फी नौदल भरेल म्हणून गेला. कुठल्या समुद्रात आहे ते तिला सांगत नाहीत, म्हणून ती रोज तीन समुद्रांवरचं हवामान बघते. तिन्हीकडे ऊन असलं की त्या दिवशी बरं वाटतं. मी मनात म्हटलं, मिळाला मुद्दा. फी नाही म्हणून गरिबाचं पोर जहाजावर. मी तो मुद्दा तोंडावर आणणार इतक्यात रेवाने विचारलं, कुठल्या प्रकारचं जहाज?

"डिस्ट्रॉयर," बाई म्हणाली. "ज्यांनी कोणी ते बांधलं, त्यांचा तो दिवस चांगला गेला असू दे. माझी एवढीच प्रार्थना असते."

ती गेली. मी मासा संपवला. वाद माझ्या बाजूने चालला नव्हता.

डब्यूक

डब्यूकपासून सगळ्यात जवळचा समुद्र गाठायला नदीने अर्धा देश ओलांडावा लागतो. चहूकडे मका, डुकरं आणि चर्चचे मनोरे. अशा गावात अमेरिकी नौदलाने आपली टॉर्पेडो बोट नंबर दोन बांधून घेतली. नंबर दोन म्हणजे खरोखर दुसरीच. नौदलाचा हा प्रकार तेव्हा नवाकोरा होता.

गाव मुळात शिशाच्या खाणींवर उभं राहिलं. नदीकाठी अजून एक उंच चौकोनी मनोरा आहे. वितळलेलं शिसं त्याच्या माथ्यावरून चाळणीतून खाली सोडायचे, पडता पडता त्याचे गोल थेंब व्हायचे आणि खालच्या पाण्यात पडून बंदुकीचे छर्रे तयार. रात्री गावात मुक्काम करून सकाळी आम्ही तिथे गेलो तेव्हा पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढत होते. मी रेवाला म्हटलं, बघ, गोळी कशी सुबक असते, गुरुत्वाकर्षणही मदत करतं. ती म्हणाली, "इंजिनिअरिंग म्हणून ते ब्यूटिफुल आहे. सॉरी."

मनोऱ्यापासून थोडं चालल्यावर एक छोटं बंदर लागतं. हिवाळ्यात नदी गोठते तेव्हा बोटींना आसरा म्हणून ते काढलेलं. त्याच्या काठावर बोटींचा कारखाना होता. आज तिथे म्युझियम, हॉटेलं आणि आइस्क्रीम खाणारी कुटुंबं. १८९४च्या मे महिन्यात ती बोट याच पाण्यात उतरवली. दीडशे फूट लांब, जेमतेम साडेपंधरा फूट रुंद. रेवाने फरशीवर पावलं टाकून मला रुंदी दाखवली. आमच्या एस.टी.च्या दोन गाड्या शेजारी शेजारी तीत मावणार नाहीत. पाण्याखाली पाच फूटही नाही. पत्रा पातळ, पोटात वाफेची इंजिनं, टॉर्पेडो सोडायच्या तीन नळ्या.

"हिची सगळी आयडियाच अशी आहे," रेवा सांगत होती, आणि सांगताना तिचे हात बोट होत होते. "मोठ्या जहाजाकडे लांब पल्ल्याच्या तोफा. हिच्याकडे काय? स्पीड. ती लहान आहे, फास्ट आहे, उथळ पाण्यात जाते. तिला शत्रूच्या अगदी जवळ जावंच लागतं. तेव्हाचा टॉर्पेडो लांब जातच नव्हता. जवळ जा, सोड, आणि पळ."

मग या बोटींची धास्ती घेऊन नौदलांनी त्यांची शिकार करणारी मोठी बोट काढली. टॉर्पेडो बोटींचा नाश करणारी, म्हणून डिस्ट्रॉयर. पुढे त्या शिकारी बोटीने टॉर्पेडो बोटीचं कामही घेतलं आणि ती उरली, ही संपली. रेवाला बोलावणाऱ्या गोदीत हेच डिस्ट्रॉयर बांधतात. म्हणजे माझ्या बहिणीने प्रकल्पासाठी आजी निवडली होती आणि आता ती नात बांधायला निघाली होती.

म्युझियममधे बोटीला एका भिंतीचा कोपरा दिलेला आहे. एक फोटो, एक आराखडा, थोडा मजकूर. रेवाने मला तिथे उभं केलं आणि स्वतः मागे सरकली.

बोट इथून मिसिसिपीने खाली समुद्रापर्यंत गेली. १८९८मधे अमेरिकेचं स्पेनशी युद्ध झालं, क्यूबावरून. सँटियागोच्या बंदरातून स्पॅनिश जहाजं बाहेर पडली आणि अमेरिकी तोफांनी त्यांची होळी केली. त्यातलं एक, 'विस्काया', पेटलेलं, किनाऱ्याकडच्या उथळ पाण्यात जाऊन रुतलं. डेकवर आग, पोटात दारूगोळा, आणि तो फुटत होता. माणसं पाण्यात उड्या टाकत होती. तेव्हा ही डब्यूकची बोट पेटत्या जहाजाला जाऊन भिडली आणि शंभरावर स्पॅनिश माणसं तिने उचलली. आपल्याच तोफांनी ज्यांना जाळलं त्यांना. नंतर त्या माणसांना ज्या मोठ्या युद्धनौकेवर नेऊन पोहोचवलं तिचं नाव होतं 'आयोवा'.

हिने टॉर्पेडोने कुणाला बुडवलं असा उल्लेख त्या भिंतीवर कुठेच नव्हता. रेवाच्या प्रकल्पातही तिला तसा सापडला नव्हता. माझी ओळ खोटी होती. आमच्या कामात याला एकच शिक्षा आहे: गठ्ठा परत न्यायचा. पुढच्या पत्रकावर लोक विश्वास ठेवतील की नाही हे त्यावर ठरतं. मी पर्स उघडायला लावून तो कागद तिच्याकडून परत घेतला.

रेवा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"दुसरं कुठलं जहाज इतकं जवळ जाऊच शकलं नसतं, ताई. खोल पाणी लागलं असतं. ही गेली, बिकॉज शी वॉज बिल्ट टू गेट क्लोज."

"जवळ जाऊन टॉर्पेडो सोडायला बांधली होती."

"येस. सेम बोट."

"बोटीने नाही ठरवलं. त्या दिवशी तिच्यावरच्या माणसांनी ठरवलं. तू बांधशील तेव्हा त्यावर कोण असेल, आणि त्याला काय हुकूम असेल, हे तुला विचारून ठरणार आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "तेच मी रोज विचार करते. तुला काय वाटतं, मी करत नाही?"

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण भिंतीकडे बघून मला खरा राग आला होता आणि तो आला की मला थांबता येत नाही. बोटीला नाव ज्याचं दिलं तो इंजिनिअर स्वीडनहून आलेला, हे लिहिलेलं होतं. बोट कोणी उतरवली, कोण कप्तान होता, सगळं होतं. आणि तो पातळ पत्रा एकेका रिव्हेटने जोडत गेलेले कामगार? त्यांचं एकही नाव नव्हतं. मी रेवाला विचारलं की ही माणसं कोण होती. ती म्हणाली बरीचशी जर्मन आणि आयरिश असणार, या गावात तेव्हा तीच आली होती. लालबुंद रिव्हेट बाहेरून एक जण ठोकायचा आणि आतून दुसरा दाबून धरायचा. बंद लोखंडात दिवसभर तो आवाज. थोड्या वर्षांत बहुतेक बहिरे व्हायचे.

"आपल्या आजोबांसारखे," मी म्हटलं.

"आजोबा? त्यांना म्हातारपणामुळे ऐकू येत नव्हतं ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"आई म्हणते ते गव्हर्नमेंट सर्व्हिसमधे होते. डेस्क जॉब."

आपल्या घरांतून हे किती सहज म्हणतात. 'सरकारी नोकरीत होते.' त्यात तलाठी येतो, टपाल खातं येतं, आणि विदर्भातला दारूगोळ्याचा कारखानाही येतो. माझी आई आणि वंदना मावशी त्या कारखान्याच्या वसाहतीत वाढल्या. आजोबा चाचणी मैदानावर होते. भरलेले गोळे उडवून बघायचे, तिथे. एक कान पन्नाशीच्या आतच गेला. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, कारण माझी आई चिडली की सगळं बोलते. मावशी चिडली की डबे भरते.

आता बोलून गेले होते. मागे घेण्यासारखा तो कागद नव्हता.

आम्ही बाहेर येऊन नदीच्या कट्ट्यावर बसलो. समोरून मक्याने भरलेल्या पडावांची एक लांबलचक रांग एक बोट ढकलत नेत होती. रेवाने एकेक करून विचारलं. आईचं कॉलेज? त्याच पगारातून. अमेरिकेचं तिकीट? आजोबांच्या फंडातून. माझी आई शिकली ते? तेही. मी हो म्हणत गेले. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून मला हे माहीत आहे आणि त्यावर माझं मत तयार आहे: आजोबांना दुसरं काम मिळालं नाही, दोष त्यांचा नाही, दोष व्यवस्थेचा. पत्रकात हे तीन ओळींत बसतं. कट्ट्यावर बसलेल्या पोरीला ते सांगताना मला दिसलं की तिच्याकडे निवड आहे आणि तिला त्या तीन ओळी उपयोगाच्या नाहीत.

"मग आई मला नको का म्हणते, हे ती का सांगत नाही?" ती म्हणाली. "मला वाटलं तिला लोक काय म्हणतील याचं टेन्शन आहे."

ते तूच विचार, मी म्हटलं.

बोटीचं पुढे काय झालं ते मी परतीच्या वाटेवर विचारलं. रेवाने समोर रस्त्याकडे बघत सांगितलं. काही वर्षं ती चालवली, मग जुनी झाली म्हणून १९१२च्या सुमाराला नौदलाने तिलाच नेमबाजीचं लक्ष्य केलं आणि बुडवली. ला क्रॉसला त्याच खानावळीत थांबावं असं मला वाटत होतं, पण रेवा थांबली नाही.

पुन्हा ईडन प्रेरी

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. काका बाहेर होते. मावशीने वरण-भात लावला होता आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या: झालं का? मी काही बोलण्याआधी रेवाने बूट काढता काढताच विचारलं.

"आई, आजोबा बॉम्ब टेस्ट करायचे?"

मावशीने गॅस बंद केला. मग माझ्याकडे वळली. माझ्यावर आजवर बरेच लोक ओरडलेत, मालक, फौजदार, एकदा एक आमदार. मावशी ओरडली नाही. "तुला समजवायला पाठवलं होतं मुक्ता," ती म्हणाली, "सांगायला नाही." मी म्हटलं, मला समजावणं म्हणजे सांगणंच माहीत आहे.

मग तिने सांगितलं. खुर्चीवर न बसता, ओट्याला टेकून. वसाहतीत कारखान्याचा भोंगा वाजायचा, सकाळी, दुपारी, सुटताना. त्यावर सगळ्यांची घड्याळं लावलेली. पण कधी भलत्याच वेळी वाजला की सगळ्या बायका हातातलं टाकून दारात यायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं, कारखान्याच्या गेटाकडून अपघाताचा निरोप घेऊन आलेली सायकल कोणाच्या घराकडे वळते ते बघत. ती वळून दुसऱ्याच्या दारात थांबली की जे हायसं वाटायचं, त्याची तिला अजून लाज वाटते. शाळेत शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी त्यातल्याच एका दाराची. तिचं दप्तर मावशीने तिच्या घरी पोचवलं होतं.

"म्हणून मी कुणाला सांगत नाही," मावशी म्हणाली. "आम्ही त्याचं खाल्लं. मी खाल्लं. ते माझ्यापाशी संपावं असं वाटत होतं."

मी इतकी वर्षं अपघातग्रस्तांच्या घरी जाते. माझ्या आईनेही मला हे कधी सांगितलं नव्हतं. तिने कान सांगितला होता, पगार सांगितला होता. सायकल सांगितली नव्हती.

रेवा उठून तिच्याजवळ गेली नाही. मला वाटलं होतं जाईल. ती टेबलापाशीच राहिली आणि तिने हळूहळू, शब्द शोधत, एकही इंग्रजी वाक्य न येऊ देता सांगितलं, आणि ते तिला किती जड जातंय हे दिसत होतं.

"आई, मी लढाईची जहाजं बांधणार आहे. त्यांच्यावर तोफा असतील, क्षेपणास्त्रं असतील. त्यांनी माणसं मरतील. माणसं वाचतीलही. किती, ते मला माहीत नाही. मला ते काम करायचंय."



"आता नीट सांगितलंस," मावशी म्हणाली. "आता मला तुझ्याशी भांडता येईल."

आणि खुर्ची ओढून बसली. त्या दोघी भांडल्या. वरण गार झालं, मी परत गरम केलं, पुन्हा गार झालं. मीही भांडले; माझी बाजू मी सोडली नाही. रेवाने मला पन्नास प्रश्न विचारले, त्यातल्या अर्ध्यांना माझ्याकडे पत्रकात बसेल असं उत्तर नव्हतं. मी तिला विचारलं की तुझ्या गोदीत कामगाराचा कान गेला, हात गेला, तर कोण विचारतं हे तू शोधलंस का. तिने शोधलं नव्हतं. तिने ते लिहून घेतलं. काका आले, दारातूनच परिस्थिती पाहिली आणि पुन्हा गवताकडे गेले. दोन दिवसांपूर्वीच कापलेल्या.

सोमवारी सकाळी रेवाने गोदीला फोन करून माझा प्रश्न विचारला. पलीकडच्या बाईने बराच वेळ घेतला आणि सुरक्षा विभागाच्या माणसाशी गाठ घालून द्यायचं कबूल केलं. मग दुपारी तिने हो कळवलं. मावशी शेजारी बसली होती.

मी विरोधात होते आणि आहे. हे लेखात स्पष्ट राहावं. एका बोटीने शंभर माणसं उचलली म्हणून युद्धनौका चांगल्या ठरत नाहीत, आणि माझी मावसबहीण सरळ मनाची आहे म्हणून तिची गोदी सरळ होत नाही. डब्यूकच्या त्या भिंतीवर रिव्हेट ठोकणाऱ्यांसाठी जागा करा असं पत्र मी म्युझियमला लिहिलं आहे. या खेपेला प्रत्येक ओळ रेवाकडून तपासून घेतली.

मी निघाले त्या दिवशी मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. विमानतळाची घाई चाललेली, माझी बॅग दारात, मावशी एका हाताने माझ्यासाठी मेतकुटाची पुडी बांधत होती आणि फोन स्पीकरवर. काकूंना कुठून तरी कळलं होतं. अभिनंदन म्हणाल्या, मग म्हणाल्या, कसली गं कंपनी, सरकारीच आहे ना?

मावशीने पुडीला गाठ मारली.

"युद्धनौका बांधायची नोकरी आहे," ती म्हणाली. "नाही हो, मला नाही आवडलेलं. पण रेवा तेच काम करणार आहे."